खेळाडूच्या हातापायांचे सांधे तपासायला शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथे भौतिकोपचार शिकणारी मुलंमुली, इंटर्नशिपवाले आणि आखाड्यांवर, कबड्डी-खो-खोच्या मैदानांवर मदतीला जाणारे नवे फिजिओ मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आपल्या भागातल्या खेळाडूचा एमआरआय दुखापतीनंतर दुसऱ्या दिवशी निघत नाही. बऱ्याचदा घरचा कापूस विकून पैसे हातात आले की मगच निघतो. तोवर काय करायचं, कोणाला लगेच पाठवायचं आणि कोणाला थांबवायचं, हे तुमच्या हातांनाच ठरवावं लागतं. म्हणून हे हात नीट तयार व्हावेत, अशी माझी कळकळ आहे.

सुरुवात कुठल्या सांध्यापासून करू?

न दुखणाऱ्या सांध्यापासून. विद्यार्थी थेट चाचण्यांची नावं पाठ करायला घेतात आणि पहिला फाटलेला लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) समोर आला की गोंधळतात, कारण न फाटलेला हाताला कसा लागतो हेच ठाऊक नसतं. वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींचे, त्यांच्या परवानगीने, निदान चाळीस-पन्नास गुडघे तपासा. तेवढेच घोटे आणि तेवढेच खांदे. नडगी पुढे ओढल्यावर किती सरकते आणि सरकून कुठे, कशी थांबते, हे वहीत लिहा.

मग लक्षात येईल की प्रत्येकाचं ‘नॉर्मल’ वेगळं असतं. काहींचे गुडघे सरळ करताना मागे वाकतात, अंगठा मनगटाला टेकतो. अशा सैल सांध्यांसाठी बेटन गुणांकन शिकून घ्या. ते नऊ गुणांचं आहे आणि करायला दोन मिनिटं लागतात. नाहीतर जन्मतः सैल असलेल्या मुलीचा गुडघा तुम्ही ‘लिगामेंट गेला’ म्हणून पाठवाल. खेळाडूचा दुखरा गुडघा दुसऱ्या कोणाच्या गुडघ्याशी ताडू नका, त्याच्याच दुसऱ्या गुडघ्याशी ताडा. आणि चांगली बाजू आधी तपासा. तुम्ही काय करणार आहात हे त्यामुळे त्याला कळतं, आणि स्नायू ढिले सोडायला तो शिकतो.

तपासणीचा क्रम कोणता ठेवू?

पाहा, चाचपा, हलवा. ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सक अ‍ॅलन अ‍ॅप्ली यांनी रुजवलेला हा क्रम सगळ्या सांध्यांना लागू पडतो. विशेष चाचण्या त्यानंतर, आणि शेवटी रक्तपुरवठा, संवेदना आणि वरचा-खालचा सांधा.

‘पाहा’ हा भाग सगळ्यात जास्त वगळला जातो. खेळाडू दारातून आत येतो तिथेच तपासणी सुरू होते. टाच टेकवतो का, जिन्यावर कोणता पाय आधी टाकतो, बूट काढायला वाकतो की पाय वर घेतो, हे बघा. पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवून गुडघा तपासू नका. मांडीचा स्नायू आटला आहे का, ते त्यात दिसतच नाही. खांद्यासाठी बनियन काढायला सांगा आणि मागून बघा.

चाचपताना आधी हाताच्या मागच्या बाजूने उष्णता बघा. निरोगी गुडघ्याची वाटी मांडी आणि नडगीपेक्षा थोडी थंड लागते. ती तेवढीच गरम लागली तरी आत काहीतरी चाललंय असं समजा. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसकडे जातो. उन्हातून आलेल्या मुलाला दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसू द्या आणि मगच हात लावा. दुखरी जागा एका बोटाने दाखवायला सांगा. एक बोट टेकवलं तर ती रचना शोधता येते, सगळा तळवा फिरवला तर अजून विचारायला हवं. तुम्ही स्वतः ती जागा सगळ्यात शेवटी दाबा.

हलवताना आधी त्याने स्वतः हलवायचं, मग तुम्ही, मग तुमच्या विरोधाला न जुमानता त्याने जोर लावायचा. स्वतः हलवताना आणि तुम्ही हलवताना एकाच दिशेला दुखलं तर संशय सांध्यावर. सांधा न हलवता नुसता जोर लावताना दुखलं तर स्नायू किंवा स्नायूबंधावर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर). हा नियम सगळीकडे तंतोतंत बसत नाही, पण विचाराला दिशा देतो.

हालचाल कुठे संपते याइतकंच ती कशी संपते हे महत्त्वाचं. कोपर सरळ केलं की हाडाला हाड लागून टणक थांबतं, वाकवलं की दंडाच्या मांसावर मऊ थांबतं. लिगामेंटवर थांबणारी हालचाल ताणलेल्या चामड्यासारखी लागते. गुडघा शेवटच्या दहा-पंधरा अंशांत सरळ होत नसेल आणि रबरासारखा मागे उसळत असेल, तर गादीचा (सांध्यातल्या कूर्चेच्या चकतीचा, म्हणजे मेनिस्कसचा) फाटलेला तुकडा मध्ये अडकला असू शकतो.

बोलण्यात किती वेळ घालवू? हात लावला की कळतंच ना?

नाही कळत. गुडघ्याच्या दुखापतीत दोन प्रश्नांनी अर्धं काम होतं : सूज कधी आली, आणि त्या क्षणी काय जाणवलं? दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला असेल तर आत बहुधा रक्त आहे, म्हणजे क्रूसिएट लिगामेंट (गुडघ्याच्या आत एकमेकांना ओलांडणारे दोन पट्टे), हाडाचा तुकडा किंवा सरकलेली वाटी. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली तर गादीची इजा किंवा सांध्याच्या आवरणाचा दाह जास्त संभवतो. ‘कट’ आवाज आला, पाय खालून निघून गेल्यासारखा वाटला, पुढे खेळता आलं नाही, ही एसीएलची, म्हणजे पुढचा क्रूसिएट लिगामेंट फाटल्याची, नेहमीची हकिकत.

ज्याची जी बोली असेल तीत विचारा. “काय व्हयनं भाऊ?” असं विचारलंत की अहिराणी बोलणारा पोरगा मोकळा होतो. ‘गुडघा दुखस’ आणि ‘गुडघा सटकी जास’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दोन्हींची नोंद ‘गुडघेदुखी’ अशी करू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. सातपुड्यातून आलेल्या पावरा किंवा भिल मुलांबरोबर त्यांची बोली जाणणारं कोणी असेल तर त्याला शेजारी बसवा.

लॅकमन चाचणी मला जमतच नाही. पैलवानाची मांडी हातात मावत नाही. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते. एसीएलसाठी ही सगळ्यात भरवशाची हातची चाचणी आहे. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठाच्या जॉन लॅकमन यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि 1976 मध्ये त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी ती जगापुढे मांडली.

खेळाडू उताणा. गुडघा वीस ते तीस अंशांत वाकलेला. एका हाताने मांडी स्थिर धरायची, दुसऱ्याने नडगीचं वरचं टोक, अंगठा पुढच्या उंचवट्याजवळ. मग नडगी झटक्यात पण हळुवार पुढे ओढायची. दोन गोष्टी तपासायच्या : दुसऱ्या बाजूच्या तुलनेत किती सरकली, आणि शेवटी ‘टक्’ करून थांबली की मऊपणे वाहत गेली. माझ्या अनुभवात दुसरी गोष्ट जास्त बोलते.

मांडी मावत नसेल तर तुमचा स्वतःचा गुडघा टेबलावर ठेवून त्याची मांडी त्यावर टेकवा आणि वरच्या हाताने ती खाली दाबून धरा. आता पकड लागत नाही, नुसतं वजन पुरतं. टॉवेलची जाड गुंडाळी ठेवूनही हेच साधतं. लहान हातांच्या कितीतरी मुलींना ही युक्ती कळल्यावर आपला हातच कमी पडतो ही भीती गेली.

मांडीमागचे स्नायू आवळलेले असतील तर चाचणी खोटं सांगते, कारण तेच स्नायू नडगी मागे खेचून धरतात. त्याला बोलण्यात गुंतवा, एका हाताने ते स्नायू ढिले पडलेत का बघा. दुखापतीनंतर पहिल्या तासाभरात मैदानातच तपासता आलं तर उत्तम, तेव्हा सूज नसते आणि स्नायू आवळलेले नसतात. ती वेळ गेली तर फुगलेल्या गुडघ्याशी झगडू नका. हाड मोडलं नाही याची खात्री करा, आधार द्या, आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा तपासा.

आणखी एक फसगत. नव्वद अंशांत गुडघा वाकवून नडगी ओढण्याच्या ड्रॉवर चाचणीत नडगी खूप पुढे येते म्हणून ‘एसीएल गेला’ असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात पीसीएल (मागचा क्रूसिएट लिगामेंट) फाटल्याने नडगी आधीच मागे पडलेली असते आणि तुम्ही तिला फक्त मूळ जागी आणता. ओढण्याआधी दोन्ही गुडघे वाकवून बाजूने डोळे लावून बघा. एका बाजूची नडगी खोल गेलेली दिसते.

मॅकमरेमध्ये आवाज आला म्हणजे गादी फाटली का?

मॅकमरे म्हणजे वाकवलेला गुडघा नडगी वळवत सरळ करण्याची चाचणी. नुसत्या आवाजाने नाही. निरोगी गुडघेही वाजतात. सांध्याच्या रेषेवर ठेवलेल्या बोटाखाली खटका आणि त्याच क्षणी त्याची ओळखीची कळ, हे दोन्ही हवं. सांध्याच्या रेषेवर दाबून दुखणं आणि पूर्ण उकिडवं बसताना आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखणं यांची जोड द्या.

घोटा मुरगळला की प्रत्येकाचा एक्स-रे काढायचा का?

नाही. त्यासाठी ओटावा नियम तोंडपाठ करा. कॅनडातल्या ओटावा इथे इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी ते 1992 मध्ये मांडले. बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर दाबून दुखतं का? पायाच्या आतल्या कमानीवरच्या नॅव्हिक्युलर हाडावर दुखतं का? करंगळीच्या रेषेत, पायाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध जो उंचवटा लागतो तिथे दुखतं का? दुखापतीनंतर लगेच आणि आत्ता, दोन्ही वेळा चार पावलं टाकता येत नव्हती का? यातलं एकही ‘हो’ असेल तर एक्स-रे. लंगडत का होईना, चार पावलं टाकली तर ती ‘टाकता आली’ असंच धरायचं.

सगळं ‘नाही’ असेल तर हाड मोडण्याची शक्यता फार कमी. पण फ्रॅक्चर नाही म्हणजे इजा नाही, असं नव्हे. घोटा आत वळून मुरगळतो तेव्हा बहुधा बाहेरचा पुढचा लिगामेंट जातो. तो पूर्ण गेला का, हे पहिल्या दिवशी सुजलेल्या पायात कळणं अवघड, चार-पाच दिवसांनी बरंच स्पष्ट होतं. पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबल्यावर घोट्याच्या वर दुखलं तर वेगळी, जास्त वेळ खाणारी इजा असते. आणि ‘मागून कोणीतरी लाथ मारली’ असं खेळाडू म्हणाला तर त्याला पालथं झोपवा आणि पोटरी दाबा. पाऊल खाली झुकलं नाही, तर टाचेचा मोठा स्नायूबंध तुटला आहे. अशी माणसं चालू शकतात, म्हणून ती निसटतात.

गुडघा दुखतो तर गुडघाच तपासायचा ना?

नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात खो-खो खेळणारा बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा गुडघादुखी घेऊन आला. दोन भेटींत मी गुडघाच तपासत राहिले, सगळं चांगलं होतं. तिसऱ्या भेटीत त्याचा खुबा वाकवला तर पाय आपोआप बाहेर वळला आणि आत वळेचना. मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या थरावरून सरकलं होतं. त्या क्षणी त्याला पायावर उभं राहू दिलं नाही, उचलून गाडीत ठेवलं आणि शस्त्रक्रियेसाठी पाठवलं. आधीच्या दोन भेटींत तो चालत घरी गेला होता, हे मला आजही टोचतं. वाढत्या वयातल्या मुलाचा गुडघा दुखला तर खुब्याचं आत वळणं तपासल्याशिवाय त्याला सोडू नका.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. नंदुरबारच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे (रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे) रुग्ण आहेत. देशपातळीवरची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली, तपासणीची कार्डंही बऱ्याच मुलांकडे असतात. खुब्यात किंवा जांघेत दुखणारा तरुण खेळाडू दिसला, पडल्याची काही आठवण नाही, तर हे कार्ड विचारा. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि उन्हात पाणी कमी पडलं की हाडं ठणकण्याचा झटका येऊ शकतो. त्याला ‘स्नायू ताणला’ म्हणून व्यायाम देऊ नका.

खांद्याच्या एवढ्या चाचण्या आहेत, कोणत्या करू?

थोड्या करा. खांद्याची एकेकटी चाचणी फारसं सांगत नाही. हॉकिन्स-केनेडी (हात समोर उचलून आत वळवण्याची चाचणी) दुखली म्हणजे नेमकं हेच बिघडलं, असं म्हणता येत नाही. आधी मान तपासा, कारण मानेतली कळ खांद्यात उतरते. मग बाजूने हात वर करायला लावा. साठ ते एकशे वीस अंशांच्या पट्ट्यातच दुखत असेल तर संशय वरच्या स्नायूबंधांवर. तुम्ही हात बाहेर वळवायला गेलात आणि तोही अडकला, तर सांधा आखडला आहे. खांदा निखळल्याचा इतिहास असेल तर हात वर-बाहेर नेताना त्याचा चेहरा बघा. दुखण्याआधी भीती दिसते, तीच खरी खूण.

निखळलेल्या खांद्यात खांद्याच्या बाहेरच्या उंचवट्यावरची त्वचा बधिर आहे का, हे बसवण्याआधी आणि नंतरही तपासून लिहा. शेतातल्या मोटारीचा शॉक बसून हात बाहेर वळत नसेल तर खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो फसवतो.

कबड्डीत बोट ‘मुरगळलं’ की सगळे ते ओढतात. हे बरोबर आहे का?

नाही. प्रतिस्पर्ध्याची जर्सी पकडताना, बहुतेकदा अनामिकेचा, शेवटचा पेर वाकवणारा स्नायूबंध तुटतो. मधला पेर सरळ धरा आणि शेवटचा वाकवायला सांगा. वाकलाच नाही तर त्याच आठवड्यात हाताच्या शल्यचिकित्सकाकडे. उशीर झाला की दुरुस्ती अवघड होत जाते. उलट, शेवटचा पेर सरळ होत नसेल तर तो सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे, एक दिवसही न काढता.

हाताच्या तळव्यावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी जो खड्डा दिसतो तिथे दाबून दुखलं, तर एक्स-रे चांगला आला तरी स्कॅफॉइड (मनगटातलं एक छोटं हाड) मोडलं असं धरून आधार द्या आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा. या हाडाचं रक्त लांबच्या टोकाकडून येतं, म्हणून हे फ्रॅक्चर नजरेतून सुटलं तर जवळचा तुकडा मरू शकतो.

मुलींची तपासणी करताना काय पाळायचं?

प्रत्येक पायरीआधी काय करणार ते सांगा, ‘हो’ ऐका, मगच हात लावा. आश्रमशाळेतल्या मुली परक्यासमोर काही बोलत नाहीत. त्यांचं गप्प राहणं म्हणजे होकार नाही. बाई, आई किंवा संघातली मैत्रीण सोबत हवीच. गुडघ्यासाठी हाफपँट आणि चादर आधीच तयार ठेवा. जांघ आणि खुब्याची तपासणी गर्दीच्या तंबूत करू नका. मुलांच्या बाबतीतही हेच पाळा, तेही लाजतात.

पोलीस भरतीच्या तयारीतल्या पोरांची नडगी दुखते, ती कशी तपासू?

हा सांधा नाही, पण अशी पोरं तुमच्याकडे रांगेने येतील. 1600 मीटरसाठी डांबरी रस्त्यावर पहाटे धावतात, महिनाभरात अंतर दुप्पट करतात. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. पाच सेंटिमीटर किंवा जास्त लांबीत दुखत असेल तर ताणाचा दाह. एका नाण्याएवढ्या जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला चीर गेली आहे असं समजून धावणं बंद. भरतीची तारीख जवळ आहे म्हणून तो विनवणी करेल. तेव्हा त्याच्याशी शांतपणे, वेळ देऊन बोला.

गोनिओमीटर लागतोच का?

सांध्याचा कोन मोजायला तो लागतो, प्लास्टिकचा स्वस्त चालेल. गुडघ्यासाठी मांडीच्या बाहेरचा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची गाठ आणि बाहेरचा घोटा या तीन खुणा. पाच अंशांचा फरक मोजण्यातूनच येऊ शकतो, त्यावर ‘सुधारणा’ लिहू नका.

आधी हाड बसवणाऱ्याकडे जाऊन आलेल्याला काय सांगू?

रागावू नका. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे येणारच नाही. काय केलं, किती जोरात चोळलं, पट्टी किती घट्ट होती, ते विचारा. घट्ट बांबूची पट्टी असेल तर आधी बोटांचा रंग, नाडी आणि संवेदना. बोटं हलवताना असह्य कळ येत असेल तर पट्टी सोडा आणि तत्काळ रुग्णालयात. मांडीला मार लागून गाठ आली असेल तर पहिल्या दिवसांत जोरात चोळल्याने त्या जागी हाडासारखा कठीण थर धरू शकतो, हे समजावून सांगा.

कोणाला त्याच दिवशी पाठवायचं?

सांधा लाल, गरम, सुजलेला आणि ताप असेल तर लगेच, कारण सांध्यात पू असेल तर कूर्चा काही दिवसांत खराब होते. गुडघा निखळून परत बसल्याची हकिकत असेल तर पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बघा, आणि ती लागली तरी पाठवा. पाऊल वर उचलता येत नसेल, सरळ पाय पलंगावरून उचलता येत नसेल, गुडघा अडकून बसला असेल, पोटरी एका बाजूला सुजून दुखत असेल, रात्री विश्रांतीतही हाड दुखत असेल आणि वजन घटत असेल, तरी त्याच दिवशी पाठवा.

मी क्रीडाशिक्षक आहे, मला हे शिकता येईल का?

ओटावा नियम, सूज कधी आली हा प्रश्न, वरच्या धोक्याच्या खुणा आणि ‘खेळ थांबवा’ म्हणायचं धाडस, एवढं नक्की शिका. लिगामेंट ओढून बघणं आणि निदान सांगणं हे भौतिकोपचाराची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी असलेल्याकडे किंवा डॉक्टरांकडे सोडा.

पाठवताना चिठ्ठीत काय लिहू?

पाच-सहा ओळी पुरतात. उदाहरणार्थ : “वय 19, कबड्डी, उजवा गुडघा. काल संध्याकाळी पाचला वळताना दुखापत, ‘कट’ आवाज, तासाभरात सूज, खेळ सोडला. आज चार पावलं टाकतो. हालचाल 10 ते 80 अंश, डावा 0 ते 140. लॅकमन : डाव्यापेक्षा जास्त, शेवट मऊ. नडगी मागे पडलेली नाही. सांध्याच्या आतल्या रेषेवर दुखतं. नाडी आणि संवेदना व्यवस्थित, पाऊल उचलतो. शंका : एसीएल, सोबत आतली गादी. एक्स-रे आणि पुढचा सल्ला हवा.” खाली तुमचं नाव, नोंदणी क्रमांक आणि फोन. चिठ्ठीचा फोटो तुमच्याकडे ठेवा आणि आठ दिवसांनी खेळाडूच्या घरी फोन करून काय निघालं ते विचारा.